दोनशे ठिपके

"यातला एक तरी तारा म्हातारा होताना कुणी पाहिलाय का?" विज्ञान प्रदर्शनात माझ्या तक्त्यापुढे थांबून परीक्षकांनी विचारलं.

तक्त्यावर दोनशे ताऱ्यांचे ठिपके होते. उभ्या रेघेवर तेज, आडव्या रेघेवर रंग. बहुतेक ठिपके एका तिरप्या पट्ट्यात, ते भरातले तारे. पट्ट्याबाहेर, वरच्या कोपऱ्यातले लाल ठिपके म्हणजे म्हातारे. "कोट्यवधी वर्षं लागतात, सर," एवढंच मी बोलले.

"म्हणजे नुसता अंदाज!"

अंगणवाडीतून थेट आलेल्या आईनं वजनकाट्याची पिशवी खाली ठेवली. "साहेब, मीही एकेका पोरामागं वर्षानुवर्षं बसत नाही. तान्ही, रांगती, पळती, बेचाळीस पोरं एका सकाळी तोलते. वय-वजनाचे ठिपके कागदावर दिले, की पोर कसं वाढतं ते दिसतं. धडधाकट पोरं हिरव्या पट्ट्यात असतात."

परीक्षक वाकून एकेक ठिपका बघू लागले.

आईनं मला विचारलं, "आपला सूर्य कुठला गं?"

मी पट्ट्याच्या मधोमध बोट ठेवलं.

"पट्ट्यातच आहे की," पिशवी उचलत ती म्हणाली. "पोर धडधाकट आहे."