बेकरीवाल्याचं चॅनेल

मोबाईलवरच्या चौथ्या चॅनेलची बाईही टाळ्या वाजवत ‘म्हणा बरं, आ-ई’ करायला लागली, तेव्हा अण्णांनी सरळ भिंतीकडे तोंड फिरवलं. काकूंना नवऱ्याचा राग आला नाही. उभा जन्म नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून, विंगेतून नटांना विसरलेले शब्द पुरवण्यात काढलेला माणूस. त्याला कुणी असं पाळण्यातल्या पोरासारखं बोलायला शिकवायला लागलं, तर तो तोंड फिरवणार नाही तर काय करील?

अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांची वाचा गेली होती. हातपाय परत आले, भूक परत आली, रुसवे तर दुप्पट होऊन परत आले. शब्द मात्र एकही आला नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी परवाच बजावलं होतं की, हे सुरुवातीचे महिनेच काय ते कामाचे. एकदा का जिभेला गप्प बसायची सवय लागली, की मग तिला हलवणं महाकठीण. मोबाईलवर चांगले व्हिडिओ असतात, यांना रुचेल असं काहीतरी शोधा, असंही त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून काकू शोधत होत्या. जास्तीत जास्त लोक बघतात तेच लाव, असं लेकीनं सांगितलं होतं, आणि काकूंनी इमानेइतबारे तसंच केलं. लाखो लोकांनी बघितलेला एक डॉक्टर निम्मा वेळ ‘सबस्क्राईब करा, घंटा दाबा’ यातच घालवायचा. दुसरा तोंड उघडतो न उघडतो तोच साबणाची जाहिरात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

आज वैतागून त्यांनी यादी वर सरकवायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. सरकवता सरकवता पार तळ आला, आणि तिथं एक माणूस दिसला. कॅमेरा वाकडा, अर्धं कपाळ कापलेलं, मागे पिठाची पोती. बघणारे इनमीन नऊ. बेकरीवाला होता तो. त्यालाही असाच झटका येऊन गेला होता आणि आता तो पाव कसा करायचा ते सांगत होता. सांगत कसला, दगडधोंड्यांतून गाडी काढत होता बिचारा.

“मी... अडकतो,” तो सुरुवातीलाच म्हणाला. “अडकतो ते... कापत नाही. राहू दे.”

काकू सावरून बसल्या. हे काहीतरी निराळं होतं. उगाच गोड बोलणं नाही, टाळ्या नाहीत, गाणं नाही. त्यांनी फोन औषधाच्या बाटलीला टेकवून उभा केला.

“आधी पीठ घ्या. मग त्यात... कोमट... कोमट...” बेकरीवाल्यानं छताकडे बघितलं. शब्द काही सापडेना. खोलीत नुसती शांतता. ती त्यानं खरंच कापली नव्हती.

अण्णांची मान वळली. ते कोपरावर उठले, पुढे झुकले, आणि हात तोंडाच्या कडेला आडवा धरला. नट अडकला की आधी एक श्वास थांबायचं असतं; लवकर सांगितलं तर तो चिडतो, उशीर झाला तर नाटक पडतं. अण्णा एक श्वास थांबले.

“पाणी,” ते म्हणाले. नटाला ऐकू जाईल आणि प्रेक्षकांना जाणार नाही, एवढ्याच आवाजात.

काकूंना वाटलं, फोनच बोलला. त्यांनी घाईघाईनं व्हिडिओ मागे नेला. बेकरीवाला पुन्हा त्याच जागी अडकला, आणि अण्णांनी पुन्हा ‘पाणी’ दिलं, पण या खेपेला चांगलंच कावून. एकाच जागी दोनदा अडकणाऱ्या नटांवर त्यांचा पहिल्यापासून राग. काय करू न काय नको, असं होऊन गेलं काकूंना.

मग काय विचारता! मीठ आलं. भट्टी आली. परातीच्या जागी अण्णांनी ‘खुर्ची’ दिली, आणि चूक कळताच कपाळावर हात मारून घेतला. काकू खो खो हसल्या. कधी म्हणून चुकीचा शब्द न दिलेला हा माणूस, पण आज त्यांना त्या चुकीचंसुद्धा कोण कौतुक वाटलं. व्हिडिओ संपला तसं त्यांनी खाली बघितलं, तर त्याच बेकरीवाल्याचे आणखी कितीतरी होते. बिस्किटांचा, केकचा, भट्टी साफ करण्याचा. सगळ्यांना मेले चार-दोनच बघणारे. एवढा खजिना पडून होता आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

हे आधी लेकीला सांगायला हवं. त्यांनी तसाच तिला फोन लावला. भलत्या वेळी आईचा फोन बघून लेकीचा आवाज आधीच बारीक झाला होता.

“अगं, तुझे बाबा...” काकू म्हणाल्या, आणि तिथंच अडकल्या.

“काय झालं बाबांना? आई? बोल ना.”

काकू तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम घशाशी आलं होतं, आणि त्यातून एक शब्द बाहेर पडत नव्हता. तिकडे लेक ‘आई, आई’ करून रडकुंडीला आली.

मागे पलंग करकरला. अण्णा पुढे झुकले, एक श्वास थांबले, आणि काकूंच्या कानाशी हळूच म्हणाले, “बोलले.”