आओरिता म्हणजे कधी?
१९८४ साली माझ्या नवऱ्याने, एलिहिओने, सवाऱ्या न्यायला नवी मोटारसायकल घेतली. पहिली सर्व्हिसिंग मुदतीत एजन्सीतच झाली नाही तर वॉरंटी रद्द. शेवटच्या दिवशी गेलो. तिथला नवा मेकॅनिक मेक्सिकोचा. “करतो आओरिता, वहिनी,” म्हणाला. आम्हा डॉमिनिकन लोकांच्या स्पॅनिशमध्ये आओरिता म्हणजे दुपार कलल्यावर. म्हणून गाडी घेऊन बहिणीकडे जेवायला गेलो, पाचला परतलो. तो शटर ओढत होता. “होतात कुठे? पाना घेऊन उभा होतो!” “तूच म्हणालास, आओरिता!” “म्हणजे लगेच!” “कुठल्या देशात?” एलिहिओ ओरडला. वॉरंटी गेली. रविवारी मेकॅनिक आपणहून घरी येऊन सर्व्हिसिंग करून गेला. पुढे एजन्सी बंद पडली, बहिणीने त्याच्याशीच लग्न केलं. एलिहिओ गेला. गाडी आता कुणी चालवत नाही, तरी मेकॅनिक येऊन तेल बदलून जातो.