राखडीचा मान

वीजकेंद्राच्या धुराड्यांची राखड मोजायला नागपूरहून साहेब येणार म्हटल्यावर प्रेमिलाबाईंनी पाहुण्यांसाठी धुवावी तशी गच्ची धुऊन काढली. साहेबांनी चकचकीत फरशी पाहिली आणि मशीन बसवलं शेजारच्या मैनाबाईकडे, जिच्या गच्चीला दिवाळीपासून झाडू माहीत नव्हता. आळसालाच मान! मैनाबाई मशीनला रोज हळदीकुंकू वाहू लागली, तिचा फोटो पेपरात आला. प्रेमिलाबाई जळफळत बघायला गेल्या, तर मैनाबाई म्हणाली, "हात नको लावू वं, सरकारी हाय." त्या तडक घरी आल्या. पोरीची सोयरिक मोडू नये म्हणून नवऱ्याला त्यांनीच उशीत तोंड खुपसून खोकायला शिकवलं होतं. आज चंपतरावांना हाताला धरून त्यांनी मैनाबाईचा जिना चढवला, मशीनपुढे उभं केलं. "खोका जी, मोकळं खोका. हिची राखड छतावर हाय, आपली छातीत. साहेबाले कळू द्या, जास्त कोनाची हाय ते."