द्वारकाचं शाळेचं काम

पहूरच्या शाळेत हुशार मुलांना सर वेगळं काम देतात. माझ्या द्वारकाला मिळालं ते असं: गावात सापडतील तेवढ्या सापांच्या काती गोळा करायच्या आणि कोणता विषारी, कोणता बिनविषारी, ते ओळखायला शिकायचं.

गेल्या पोळ्याच्या सुमारास तिची आई परसातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशी गेली होती. तिथेच तिला पान लागलं आणि अंधार पडायच्या आत ती गेली. तेव्हापासून आमच्या घरात सापाचं नाव निघत नाही. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा तो ढीग परसात अजून आहे, पण मी तिकडे बघतही नाही.

आज शेतातून आलो, तर द्वारका त्याच ढिगाशी वाकलेली. हातात ताजी कात.

"टाक ती," मी म्हणालो. "इकडे ये आधी."

"धामणीची आहे, आबा. हिला विष नसतं."

"असो नसो. उद्या मी सरांना सांगतो, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. मला एकच पोरगी आहे."

तिने काठीने ढीग वाजवला, जरा थांबून कान दिला, मग वरच्या पऱ्हाट्या ओढून कवेत घेतल्या.

"सरांनी नाही दिलं, मीच मागून घेतलं," ती म्हणाली. "माय गेल्यापासून चुलीला रोज पऱ्हाट्या मीच काढते ना, आबा."