भरलेला वर्ग

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर इवलंसं आर्ट्स कॉलेज आहे. तपासणी समिती येणार होती आणि तत्त्वज्ञानाचा वर्ग रिकामा दिसला तर तो बंदच होणार होता. म्हणून तिथल्या विनीत सरांनी आम्हा दहावीच्या मुलींना युनिफॉर्म बदलून साधे कपडे घालायला लावून बाकांवर बसवलं.

"फक्त हुशार दिसा गं!"

ते तर आम्ही दिसतोच!

समितीच्या मॅडमनी विचारलं, "सॉक्रेटिसला विष का दिलं?" आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या, चाळिशीच्या शेवंतीताईंनी ट्रे ठेवता ठेवता धडाधड उत्तर दिलं.

"अरे वा! इथे शिपाईसुद्धा सॉक्रेटिस वाचतात?" मॅडम म्हणाल्या. सरांनी लगेच मान डोलावली.



"शिपाई नाही मॅडम, या वर्गातली खरी विद्यार्थिनी मी एकटीच. स्टुडंट वाटत नाही म्हणून सरांनी आज चहा आणायला पाठवलं."