भुयारी मार्गातला दरवाजा

“हे दार बुजवणार असाल, तरच माझी संमती,” नकाशाकार म्हणाले आणि त्यांनी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर निर्मातीच्या हाती दिला.

समोरच्या पडद्यावर भूकंपाने उद्ध्वस्त झालेले नगर धूसर रंगांत थरथरत होते. खेळ जुना होता, चित्रे आजच्या मानाने ओबडधोबड होती. तरीही ते नगर पाहताच निर्मातीला बालपण आठवले. शाळेतून आल्यावर दप्तर भिरकावून ती याच रस्त्यांवरून जीव मुठीत धरून पळत असे. पुढे तो खेळ घडवणाऱ्या कंपनीतच ती निर्माती झाली. आता ती कंपनी शेवटच्या घटका मोजत होती. हा खेळ नव्या रूपात आला तर तिचे सहकारी तरणार होते. अन्यथा सर्वांनाच आपापली वाट धरावी लागणार होती. परंतु जुन्या करारान्वये खेळातल्या नकाशांवरचा अधिकार ते काढणाऱ्या या वृद्ध गृहस्थांचा होता, आणि कंपनी सोडल्यापासून ते तिथल्या कुणालाही भेटले नव्हते.

“काका, दार बुजवायचं म्हणजे खेळाचा प्राणच काढून घ्यायचा,” ती म्हणाली. “लोक बाकी सगळं विसरलेत, हे दार नाही विसरले. भुयारी मार्गात दिवे गेलेत, मागून पाणी चढतंय, आणि घड्याळांच्या दुकानापलीकडे डावीकडे वळलं की समोर दार! मी अशी किंचाळले होते, की आईला वाटलं मला विंचूच चावला.”

नकाशाकारांच्या ज्येष्ठ भगिनी चहा घेऊन आल्या. “याच्याशी वाद घालू नकोस, पोरी. लहानपणी एकदा रुसला की दिवसभर तोंडातून शब्द काढायचा नाही. आता तर काय, रुसायला फुरसतच फुरसत.”

“अक्का, चहात साखर घातलीस, की नुसतीच जीभ चालवलीस?”

“पिऊन बघ. कडू लागला तर जीभ तुझी.”

निर्माती हसली. बर्फ वितळू लागले, असे तिला वाटले. अक्का भावाशेजारी टेकल्या.

“हे नगर आम्ही एका खऱ्या शहरावरून रेखाटलं,” नकाशाकार सावकाश सांगू लागले. “तिथली छायाचित्रं समोर ठेवून एकेक खांब, एकेक पायरी उतरवली. हे दार तेवढं खोटं. तिथे प्रत्यक्षात भिंत आहे.”

“मग दार रेखाटलंत कशाला?” ठाऊक असूनही तिने विचारले.

“मुलासाठी. लहान होता तेव्हा. नवा भाग तयार झाला, की पहिला मान त्याचा. इथे येऊन तो कोंडला गेला आणि इतका रडला, की घास घशाखाली उतरेना. मग मी भिंत फोडून दार केलं आणि त्याला म्हटलं, ‘जा, आता डावीकडे बघ.’ काय नाचला होता!”

ही हकीकत कंपनीत दंतकथेसारखी सांगितली जाई. ती साक्षात त्यांच्या मुखातून ऐकताना निर्मातीला धन्य वाटले. “आता केवढे झाले चिरंजीव?”

“माझ्याहून वीतभर उंच झाला.”

अक्कांनी अर्धवट भरलेले कप उचलले आणि त्या आत निघून गेल्या.

निर्मातीने आपले शेवटचे अस्त्र काढले. “मध्यंतरी त्या शहरात खराच भूकंप झाला. तेव्हापासून लोक आम्हाला आवर्जून सांगतात, या खेळानं आम्हाला वाचवलं. हादरा बसला की पळायचं नाही, खाली बसायचं; थांबला की आधी प्यायचं पाणी शोधायचं. सगळं अंगवळणी पडलं होतं म्हणतात. काका, केवढं पुण्य आहे हे तुमच्या पदरी!”

“वाचले ते सांगतात,” नकाशाकार म्हणाले.

ही विनयशीलता की हेकेखोरपणा, हे तिला उमगेना. चुकीची एक रेघ मागे राहू नये, एवढ्यासाठी हा कलावंत साऱ्यांच्या पोटावर पाय देऊ पाहत होता. तिने तडजोड सुचवली. “दार राहू द्या. सुरुवातीला सूचना घालू, की हे काल्पनिक आहे.”

“मुलं सूचना वाचत नाहीत, बाई. कुठे वळायचं, एवढंच लक्षात ठेवतात.”

“पण भिंत केली, तर भुयारात उतरणारा प्रत्येक जण मरेल.”

“म्हणजे पुढच्या वेळी कुणी उतरणार नाही.”

पडद्यावरचे पाणी चढत राहिले. दार गेलेला हा खेळ कितीसा चालेल, याची निर्मातीला शंकाच होती. पण संमतीच नसेल तर खेळही नव्हता. तिने कंट्रोलर खाली ठेवला.

“ठीक आहे. भिंत.”

नकाशाकारांचे खांदे किंचित सैल झाले. त्यांनी कपाटातून गुंडाळलेला कागद काढून टेबलावर पसरला. भिंतीचे चित्र त्यांनी आधीच सिद्ध करून ठेवले होते.

निर्माती त्यावर वाकली आणि थक्क झाली. ओलीचे डाग छतापर्यंत चढलेले होते. वरचा गिलावा अभंग होता; परंतु छातीच्या उंचीला तो ओरबाडून निघाला होता, समांतर रेघांच्या जुडग्यांनी, इतका की जागोजागी आतली वीट उघडी पडली होती. काही रेघा गुडघ्यांच्याही खाली होत्या.

“काका, हात अजून तसाच आहे तुमचा!” ती उद्गारली. “पण जुन्या छायाचित्रांत तर ही भिंत अगदी कोरी आहे. हे ओरखडे कसे सुचले तुम्हाला?”

“सुचले नाहीत,” नकाशाकार म्हणाले. “मुलाची ओळख पटवायला मला तिथेच नेलं होतं.”