निळं औषध

मास्क लावून बराच वेळ झाला होता, तरी बाळाचे ओठ निळेच होते.

चतुराबाईंनी नातवाचा तळपाय हातात धरला. तोही शाईत बुडवल्यासारखा. सून रुचिका भिंतीला टेकून उभी होती. तिच्यानं पलंगाकडे बघवत नव्हतं. देवळीजवळच्या भाजीच्या मळ्यातून वर्ध्याच्या या दवाखान्यात येईपर्यंत ते दोन महिन्यांचं लेकरू रडायचंही थांबलं होतं.

“ऑक्सिजन तं लावला, मंग काऊन काळं पडून राह्यलं?” बाळाचा बाप पीयूष ओरडला.

डॉक्टर गुंजननी बाळाला तपासलं. बाळाची छाती साफ होती, हृदय ठीक होतं. त्यांनी त्याच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कापडावर घेतला. मग पीयूषच्या बोटाला सुई टोचून त्याचा थेंब शेजारी ठेवला. बापाचं रक्त लालभडक. लेकाचं चॉकलेटसारखं तपकिरी. वाऱ्यावर धरलं तरी तसंच.

“हवा आत पोचते आहे,” त्या म्हणाल्या. “रक्तच ती उचलत नाही. वरचं दूध देता का? त्यात पाणी कुठलं?”

“आमच्या वावरातल्या विहिरीचं,” चतुराबाई म्हणाल्या. “पन उकळल्याबिगर एक थेंब नाई देल्ला त्याले. चांगलं आटेपर्यंत ठेवतो चुलीवर.”

“आजी, उकळलं की जंतू मरतात. युरियातून विहिरीत झिरपलेलं नायट्रेट मरत नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. मोठ्यांना कळतही नाही. इतक्या लहान बाळाचं रक्त मात्र बिघडतं.”

चतुराबाईंच्या हातातून तळपाय सुटला.

नर्सनं सिरिंज आणली. आतलं औषध गडद निळं होतं. चतुराबाईंनी झटकन बाळाच्या दंडावर हात ठेवला.

“निळ्या पोराले निळंच औषध? नाई. मी नाई टोचू देनार.”

“आई, हात काढा.” रुचिका भिंतीपासून पुढं आली होती. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “तुम्ही हात काढा.”

त्यांनी हात काढला आणि डोळे मिटून घेतले.

औषध सावकाश आत गेलं. किती वेळ गेला ते त्यांना समजलं नाही. आधी बारीक कण्हणं ऐकू आलं, मग चांगला खणखणीत टाहो. त्यांनी डोळे उघडले. ओठांच्या कडेनं गुलाबी रंग चढत होता. पीयूष खाली फरशीवर बसून हमसून हमसून रडत होता.

चतुराबाई रडल्या नाहीत. त्यांनी पीयूषच्या खिशातून मोबाईल ओढला.

“आई, कोनाले फोन?” त्यानं विचारलं.

“पौर्णिमाले.” त्यांनी नंबर लावला. शेजारच्या मळ्यातली पौर्णिमा, कुशीत महिन्याची पोर, तीही वरच्या दुधावर. तिचा नळ बंद पडला म्हणून या आठवड्यात चतुराबाईच तिला आपल्या विहिरीचं पाणी उकळून नेऊन देत होत्या.

रिंग वाजत राहिली. शेवटी फोन उचलला गेला.

“काकू, तुमालेच फोन करनार होती,” पौर्णिमा घाईघाईनं म्हणाली. “आमच्या पोरीचे ओठ पाहा ना, कसे निळे होऊन राह्यले.”

“तशीच निघ,” चतुराबाई म्हणाल्या. “तिले निळंच औषध देतील. भेऊ नको, देऊ दे.”